विटेला पडलेल्या शिव्या

विटा बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. गिरजाक्काच्या रोपवाटिकेत मिरचीच्या रोपांचे दोन ट्रे होते. एक तिने विटांवर ठेवला. दुसऱ्याला विटा पुरल्या नाहीत. "असू दे बाई जमिनीवरच," म्हणत तिने तो खाली टेकवला.

वरच्या ट्रेतल्या एका रोपाचं मूळ कप्प्याच्या तळातल्या भोकातून डोकावलं, तर खाली नुसती हवा. मूळ तिथेच थांबलं आणि रोप विटेवर भडकलं. "मेले, बाजूला हो. मला खालची माती हवी."

वीट म्हणाली, "आधी तुझा कप्पा तर भर मुळांनी."

खालच्या ट्रेतल्या रोपाची मुळं मात्र थेट जमिनीत घुसली. ते वीतभर वाढलं आणि वरच्या रोपाला रोज विचारायचं, "अजून विटेवरच का रे?"

महिन्याने लागवड आली. गिरजाक्काने खालचा ट्रे उचलला, तशी करकर मुळं तुटली. निम्मी जमिनीतच राहिली. "आता गं बया," ती म्हणाली. वरच्या ट्रेतलं रोप तिने भोकातून बोटाने हलकेच ढकललं. ते सगळ्या मुळांसकट अख्खं बाहेर आलं.

शेतात दोघं शेजारी लागली. उंच रोप आठवडाभर मान टाकून राहिलं. विटेवरच्या बुटक्याने तिसऱ्या दिवशी नवं पान काढलं.

पुढच्या खेपेला गिरजाक्काने आधी विटा आणल्या आणि सगळे ट्रे वर ठेवले. थोड्याच दिवसांत एक कोवळं मूळ भोकातून डोकावलं. "मेले, बाजूला हो."

वीट गालात हसली. शिवी ओळखीची होती.