सप्र्यांची अट

काल दुकानात पाहून ठेवलेल्या जुन्या कीबोर्डची ती गोल पिन आपल्या नव्या लॅपटॉपला चालेल का, या काळजीने ऋजुताला रात्रभर झोप लागली नव्हती. लॅपटॉपच्या सपाट कळांवर भाषांतरं बडवून तिची बोटं आखडली होती. पण असल्या खरेदीत फसायचं तर आपणच, याचीही तिला खात्री होती.

सकाळी लॅपटॉप आणि पाच वर्षांच्या रेवाला घेऊन ती सप्र्यांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेली.

"जोडून बघू का?"

"आमच्याकडे जोडून दाखवत नाहीत, ताई. सप्रे चालतो म्हणाला, की चालतो." सप्र्यांनी पाटीकडे बोट केलं. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' "ही अट लिहून खाली सही घेतो आम्ही."

ऋजुता चाचरली. "करते की सही. फक्त ती अट ह्याच कीबोर्डवरून माझ्या लॅपटॉपवर टाइप करून द्या."

सप्र्यांनी पिनेकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं आणि मुकाट्याने खणातून दोन्ही जोडणारा कन्व्हर्टर काढला. खटखट करत अख्खी अट पडद्यावर उमटली. मग काही कारण नसताना त्यांनी ती पुन्हा टाइप केली. तिसऱ्यांदाही.

रेवा म्हणाली, "काका, सरका आता. आईचा नंबर."