वारुळावर न चुकणारा बाण

हत्यारं आपापसांत बोलायची, त्या काळातली गोष्ट. सातपुड्यात जात्र्या नावाच्या शिकाऱ्याकडे एक बाण होता. जात्र्या रोज मोहाच्या झाडाखाली उभा राहून तो दूरच्या वारुळावर सोडायचा. बाण कधी चुकत नसे, आणि त्याला त्याचा भारी तोरा होता.

एकदा ज्वारीतून रानडुक्कर थेट जात्र्याच्या अंगावर आलं. जात्र्याने सवयीने धनुष्य नेहमीएवढंच उंच धरलं. बाण डुकराच्या पाठीवरून निघून गेला आणि डुकराच्या सुळ्याने जात्र्याची पोटरी फाटली.

"मी तर रोजच्यासारखाच गेलो," गोंधळलेला बाण धनुष्याला म्हणाला. "मग चूक कुणाची?"

"डुकराची," धनुष्य म्हणालं. "ते वारुळाच्या जागी उभं राहिलं नाही."

जखम भरल्यावर जात्र्या कधी वारुळाजवळ, कधी ओढ्यापलीकडे उभा राहून सराव करू लागला. बाण कधी वरून जाई, कधी अलीकडेच मातीत रुते.

"धन्याला झालंय तरी काय? आता मी रोज चुकतोय," तो कुरकुरला.

सुगीत डुक्कर पुन्हा आलं, या वेळी ना जवळ, ना दूर. बाण नेमका त्याच्या बरगडीत घुसला. कसा, ते बाणाला शेवटपर्यंत उमगलं नाही.