पाटकऱ्याची काठी

"पाणी माझ्या बागेला सोड, नाहीतर सुपडू, काठी इथं ठेव आणि चालता हो!" राजा रणधवल असा गरजला की दारातला भालदार दचकून जागा झाला.

सुपडू होता पाटकरी. चार गावांनी मिळून नदीवर बंधारा घातला होता. दर वर्षी घरटी एक माणूस यायचा, दगड बसवायचा, गाळ उपसायचा. त्या बंधाऱ्याच्या पाटाचं पाणी कुणाला कधी द्यायचं, ते पाटकऱ्यानं ठरवायचं. हातात काठी असली की त्याचा शब्द शेवटचा. यंदा पाऊस बेताचाच झालेला, नदीची धार करंगळीएवढी, आणि महाराजांना नेमकी याच वर्षी बंधाऱ्याला लागून आमराई लावायची हौस आली! सगळं पाणी तिकडं वळलं तर चार गावांचा गहू उभ्या उभ्या वाळणार. पण सांगणार कोण? हट्टाला पेटला की हा बाबा राणीसाहेबांचंही ऐकत नसे. एक मात्र खरं, दिलेला शब्द त्यानं कधी मोडला नव्हता.

सुपडूनं काठी छातीशी घट्ट धरली. त्याच्यामागं उभी असलेली त्याची लेक कौतिक मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

"महाराज, नीट वाटलं तर पाणी सगळ्यांना पुरेल."

"अस्सं? मग दाखवा वाटून! चार गावं आणि माझी बाग. महिनाभरानं एकाचीही तक्रार आली नाही, तर बंधारा तुमचा. एक जरी तक्रार आली, तर बंधारा माझा!" आणि राजा प्रधानाकडं बघून मिशीतल्या मिशीत हसला. तक्रार कोण करणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं!

"मेलो गं बाई!" सुपडूनं कपाळाला हात लावला.

"कबूल!" कौतिक म्हणाली. "पण महिनाभर काठी कुणाच्या हातात द्यायची, ते मी ठरवणार. आणि काठी घेणाऱ्यानं आमच्या बंधाऱ्याच्या रीतीनं वागायचं."

"दे कुणालाही! दिला शब्द."

कौतिकनं बापाच्या हातातली काठी घेतली, तरातरा पुढं गेली आणि थेट राजासमोर धरली. "घ्या महाराज. पाणी तुम्हीच वाटा!"

राजा पोट धरून हसला. "वेडी का खुळी गं तू? चोराच्याच हातात किल्ली?"

"रीत तेवढी ऐकून घ्या. ज्याच्या हातात काठी, त्याच्या रानाला पाणी सगळ्यांत शेवटी. माझ्या बापाचाच गहू बघा ना, साऱ्या शिवारात उशिरा भिजतो!"

राजाचं हसू जागच्या जागी विरलं. पण शब्द तर देऊन बसला होता!

झालं. दुसऱ्या दिवशी महाराज काठी घेऊन बंधाऱ्यावर हजर. प्रत्येक गावाला दोन दिवस, मग बाग, अशी पाळी ठरली. पहिल्या पाळीला त्यांनी राजाच्या थाटात हुकूम सोडला, "घ्या रे, हवं तेवढं घ्या!" पाणी बांधावरून वाहिलं, वाटेवर चिखल झाला, म्हशी लोळल्या. बागेची पाळी आली तेव्हा बंधाऱ्यामागं उरली होती चार बेडकं आणि ओंजळभर गाळ. माळी रडकुंडीला आला.

दुसऱ्या पाळीला महाराजांनी धोतर खोचलं. "अरे ए! वाफा भरला ना? मग दार लाव की!" म्हणत बांधाबांधावरून धावू लागले. खेकड्यांनी पाट पोखरला होता, ती भोकं स्वतः चिखलानं लिंपली. महाराज चिखलात म्हटल्यावर गावकरी कसे उभे राहतील? तेही फावडी घेऊन धावले. त्या पाळीला बागेत अर्धी आळी भिजली. तिसऱ्या पाळीला चारी गावांचा गहू भिजून बागेतल्या शेवटच्या कलमापर्यंत पाणी पोचलं, आणि महाराज आनंदानं काठीसकट नाचले!

महिना भरला. दरबार गच्च भरला.

"कुणाची तक्रार?" प्रधानानं विचारलं.

चारी गावं गप्प. राजा मात्र ताडकन उठला. हट्ट तो हट्ट! "माझी आहे! पहिल्या पाळीला माझी सतरा कलमं वाळली!"

कौतिकनं शांतपणे विचारलं, "तक्रार कुणाविरुद्ध लिहायची, महाराज?"

"कुणाविरुद्ध म्हणजे? त्या पाणी वाटणाऱ्या गाढवा..."

राजा थांबला. त्यानं हातातल्या काठीकडं बघितलं. प्रधान छताकडं बघू लागला. आणि मग राजा असा काही हसला, असा हसला, की त्याचा फेटा सुटून खांद्यावर आला!

"हरलो, पोरी! बंधारा तुमचा. माग, काय हवं ते माग!"

"बंधाऱ्याच्या दुरुस्तीला घरटी एक माणूस येतो, महाराज. राजवाडाही एक घरच आहे की!"

"माणूस कशाला पाठवू? मीच येतो! खेकड्यांची भोकं आता माझ्याइतकी कुणाला ठाऊक आहेत?" त्यानं दगड ओढायला दहा बैलजोड्या तिथल्या तिथं गावांना देऊन टाकल्या. मग काठी कौतिकच्या हातात दिली. "आणि सुपडूचे गुडघे आता थकलेत. आजपासून पाटकरीण तू! काठी गेली, म्हणजे माझी बाग आता शेवटची नाही ना?"

"नाही हो महाराज," कौतिक म्हणाली. "तुमची शेवटून दुसरी. शेवटची आमची!"

राजाला पुन्हा हसू फुटलं, आणि या वेळी सुपडूही त्याच्याबरोबर मोकळेपणानं हसला.