समजली जाणारी समाधी

“शब्द खोडतोस, की फलक उखडू?” भानुदास आबांनी विचारलं.

मठाच्या दारात गाव जमलं होतं. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी यशोधरनं इंग्रजीत फलक लिहिला होता. ज्यांच्या नावानं मठ चालायचा, त्या बुवांच्या ‘समाधी’ या शब्दाआधी त्यानं एक शब्द घातला होता... ‘पुटेटिव्ह’.

“खोडणार नाही,” यशोधर म्हणाला.

आक्का ओट्यावर वाती वळत होत्या. मठ त्यांच्याकडे होता आणि यशोधर त्यांचा शिष्य.

“अर्थ काय त्याचा?” त्यांनी विचारलं.

“लोक तसं समजतात, आक्का. सिद्ध झालेलं नाही. खोटं आहे असंही नाही.”

“वापरतात कुठं?”

“कोर्टात बापाला लावतात. लोक ज्याला बाप समजतात, पण पुरावा नाही, असा.”

गर्दीत कुणीतरी शिवी हासडली.

“गुरूला लावता येतो?”

यशोधरची मान ताठच होती. “येतो.”

“आणि शिष्याला?”

यशोधर फलकाकडे वळला.

आबा पुढं झाले. “ऐकलंत ना? याला मठाबाहेर काढा. बुवा इथंच समाधीला बसले. माझ्या आज्यानं सांगितलंय.”

“आज्यानं पाहिलं होतं?” आक्कांनी विचारलं.

“त्याला त्याच्या आज्यानं सांगितलं.”

“मग शब्द राहू दे, आबा.”

“गाव ऐकायचं नाही.”

आक्का उठल्या आणि फलकाला पाठ टेकून उभ्या राहिल्या. “उखडायचा तर आधी मला उखडा.”

कुणी हललं नाही. मग एकेक जण पुटपुटत निघाला. आबा सगळ्यांत शेवटी गेले, वळून न बघता.

यशोधरला हसू लपवता येईना. “म्हणजे मीच बरोबर होतो.”

भिंतीला धरत धरत आक्का समाधीपाशी गेल्या. गुडघे वाकेनात, तरी टेकवले. दगडावर कपाळ ठेवलं आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

यशोधरला ते बघवेना.

“आक्का, आत बुवा आहेत अशी खात्री आहे तुम्हाला?”

“नाही.”

“मग रोज कशाला वाकता? मी एकदाही वाकलो नाही. पुरावा असता, तर वाकलो असतो.”

आक्कांनी कपाळाला लागलेला बुक्का तसाच राहू दिला.

“मला खात्री असती,” त्या म्हणाल्या, “तर मी एकदाच वाकले असते.”