एकेक लिंबू

मोठी साथ सरली होती, पण एकमेकांच्या दारापासून लांब राहायची माणसांची सवय काही गेली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. सामान मोबाइलवरून मागवलं जायचं आणि आणणारा पिशवी दाराबाहेर ठेवून निघून जायचा. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या शेजवलकर आजोबांची बेल मुकीच झाली होती.

तिच्या शेजारी बसवलेला नवा कॅमेरा एकदा म्हणाला, "अगं, आजोबा दिवसातून तीनदा सामान मागवतात, आणि दर वेळी एकच लिंबू! तिन्ही एकदम का नाही मागवत?"

बेलने विचारलं, "दार उघडल्यावर ते आधी कुठे बघतात?"

कॅमेरा म्हणाला, "लिफ्टकडे. पिशवी मागाहून उचलतात."

दुसऱ्या दिवशी लिंबू घेऊन एक नवीन बाई आल्या. मोबाइलवर प्रत्येक ऑर्डरसोबत आपोआप येणारी 'बेल वाजवू नये' ही सूचना त्यांनी वाचलीच नव्हती. त्यांनी बेल दाबली. आजोबा लगबगीने आले.

"पाणी देऊ का?"

"द्या की काका. हे लिंबूच पिळा त्यात!"

दार बराच वेळ उघडं होतं. त्या दिवशी दुसरं लिंबू आलं नाही, आणि का आलं नाही, हे कॅमेऱ्याने बेलला विचारलंही नाही.