पंच्याहत्तरवरचा काटा

"किती उतरलं म्हणालास?"

"पन्नास अंश, वस्ताद."

कासमवस्ताद बशीत चहा ओतत होते. ते ओततच राहिले.

"घाट चढताना गिअरबॉक्सचं ऑइल सव्वाशेवर जायचं," सर्वेश म्हणाला. "आता काटा पंच्याहत्तरच्या वर सरकत नाही. हवी तर पैज लावा."

"पन्नास..." वस्ताद म्हणाले, आणि चहा प्यायले.

सर्वेश परब हा मुलगा वाईट नव्हता. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकर कळलं होतं, एवढंच. वस्तादांच्या गॅरेजच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार वर्षं हात काळे करून तो पुण्याला शिकायला गेला आणि परत आला तो पांढरा शर्ट घालून. आज त्याच शर्टात तो घाटाच्या पायथ्याशी, वस्तादांच्या शेडसमोर उभा होता. मागे बाबल तांडेलची पिकअप उभी होती, बंदरावरून मासळी आणि बर्फ भरून आलेली.

बाबलचा डावा पाय बोटीवरच्या जाळी ओढायच्या रहाटात सापडून घोट्यापासून गेला होता. क्लच दाबायला पायच नाही, म्हणून त्याने क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी जुनी पिकअप घेतली होती. रोज दुपारी तो ती घेऊन घाट चढायचा. चढणीवर गिअरबॉक्स तापायचा. महिन्यापूर्वी सर्वेशने गाडीच्या जाळीमागे ऑइल थंड करणारा मोठा कूलर बसवून दिला आणि स्टिअरिंगजवळचा तापमानाचा काटा नव्याने जोडून दिला.

त्या रस्त्याची एक रीत होती. गाडीत कुणी नवं काही बसवलं, की ती आधी वस्तादांकडे आणायची. त्यांनी बॉनेटवर थाप मारली, तरच बाकीचे गाडीवाले ते बसवून घेत. आणखी पाच पिकअपवाले त्या थापेची वाट बघत होते. सर्वेशने पाच कूलर मागवूनही टाकले होते.

"बाबल काय म्हणतो?" वस्तादांनी विचारलं.

बाबल गाडीच्या दाराला टेकून उभा होता. त्याने तोंड उघडलं.

"खूश आहे तो," सर्वेश म्हणाला. "आता दहा क्रेट जास्त भरतो. मीच सांगितलं, काटा खाली आहे तोवर बिनधास्त भरा."

बाबलने तोंड मिटलं.

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. बॉनेट उघडलेलंच होतं, इंजिन चालू होतं. सर्वेशला वाटलं, आता हात वर जाईल आणि थाप पडेल.

वस्तादांनी गिअरबॉक्सची डिपस्टिक, ऑइल मापायची लांब पट्टी, उपसली. नाकाजवळ नेली. मग वळून, काही न बोलता, ती सर्वेशच्या छातीवर पुसली. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत.

सर्वेश थिजला. चार वर्षांत या माणसाने त्याच्यावर साधा आवाजही चढवला नव्हता. भर दुपारी, गिऱ्हाइकासमोर... रागाने त्याची कानशिलं तापली.

"कुठला रंग?" वस्तादांनी विचारलं.

सर्वेशने मान खाली घातली. शर्टावर लाल रेघ असायला हवी होती. महिन्यापूर्वी त्याने स्वतःच्या हाताने लालचुटुक ऑइल भरलं होतं.

रेघ काळी होती. आणि तिला करपल्याचा वास होता.

"हे... हे कसं शक्य आहे?"

"काट्याची वायर कुठे जोडलीस?"

"कूलरच्या नळीवर. तिथे आयतं भोक होतं."

"कुठल्या नळीवर?"

सर्वेशने बोट दाखवलं.

"त्या नळीतून ऑइल कुठून येतं?"

"कूलरमधून बाहेर पडतं आणि परत गिअरबॉक्सकडे..."

बोट तसंच हवेत राहिलं.

"आता दुसरीला हात लाव. गिअरबॉक्सकडून येते तिला."

सर्वेशने हात लावला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. महिनाभर तो निवून बाहेर पडलेल्या ऑइलचं तापमान बघत होता. आत गिअरबॉक्समध्ये काय पेटलंय, ते त्या काट्याला दिसतच नव्हतं. आणि त्या काट्याच्या भरवशावर त्याने दहा क्रेट वाढवले होते.

तरीही तो सर्वेश होता.

"वायर बदलतो, वस्ताद. दहा मिनिटांचं काम. कूलरमध्ये काही खोट नाही. आजच्या दिवस गाडी जाईल वर. एवढं काही..."

वस्तादांनी खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं. किल्ली काढली. सर्वेशसमोर धरली.

"तू ने."

"मी?"

"बाबल इथे बसेल, चहा पिईल. तू घाट चढून ये."

सर्वेश किल्लीकडे बघत राहिला. आठ वळणं, एका बाजूला दरी, पाठीवर टनभर बर्फ आणि मासळी. त्याचा हात काही पुढे झाला नाही.

"चढणीवर गिअर सुटला तर..." तो पुटपुटला.

"काटा पंच्याहत्तरवर आहे की."

क्रेटमधून बर्फाचं पाणी टपटपत होतं.

"गिअर सुटलो होतो, इंजिनेरानू," बाबल हळूच म्हणाला.

सर्वेश वळला. "काय?"

"गेल्या बुधवारी. चौथ्या वळणार. पाय दाबतंय, इंजिन वराडता, आणि गाडी मागे येता. हातब्रेक वढलंय म्हणान वाचलंय. मागचा चाक कठड्याक लागला होता."

त्याने हे पावसापाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. चौथं वळण सर्वेशला माहीत होतं. तिथला कठडा गुडघ्याएवढा आहे. एका पायाच्या माणसाला तिथून उडी मारून वाचताही आलं नसतं.

"बाबलभाऊ... हे मला का नाही सांगितलंत?"

"फोन केलंय ना. त्याच दिवशी." बाबल ओशाळला, जणू चूक त्याचीच होती. "तुम्ही म्हणालात, काट्याचो फोटो धाड. धाडलंय. तुम्ही अंगठो पाठवलात."

सर्वेश मटकन शेडच्या पायरीवर बसला. शर्टावरच्या काळ्या रेघेला त्याचा हात लागला, तो त्याने काढला नाही. आपण एक माणूस जवळजवळ मारला होता, आणि वर त्याला शाबासकीचा अंगठा दाखवला होता. त्याला रडू येत होतं, आणि रडायचीही लाज वाटत होती.

वस्तादांनी किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. रस्त्यावरून येणाऱ्या एका रिकाम्या टेम्पोला हात केला. दोघांतिघांनी मिळून क्रेट त्यात चढवले. बाबल टेम्पोवाल्याशेजारी जाऊन बसला, खिडकीतून हात हलवला, आणि टेम्पो घाटाला लागला.

टेम्पो पहिल्या वळणाआड गेला तेव्हा सर्वेश पायरीवरून उठला.

"वस्ताद," तो शेवटी म्हणाला. "मला सांगा. काटा कुठे जोडायला हवा होता?"

वस्ताद जमिनीवर सांडलेलं बर्फाचं पाणी खराट्याने लोटत होते.

"बुधवारच्या आधी बाबलने काही सांगितलं होतं?"

"...हो."

"काय?"

"करपल्यासारखा वास येतो म्हणून. आणि चढणीवर गाडी दम खाते म्हणून."

"किती वेळा?"

"तीनदा."

वस्तादांनी खराटा भिंतीला टेकवला.

"मग काटा होता की तुझ्याकडे."