भिवराबाईंची रिकामी खुंटी

सांगणार नव्हतो. पण शाळेतल्या नव्या बाई रोज ओट्यावर येऊन बसतात. ‘आबा, सांगा ना, पोरांना ऐकायचंय.’ पोरांना ऐकायचंय तर पोरांनी यावं, पाय मोडलेत का? आली बघा. बसा आता, आणि मधे बोलायचं नाही. मी दुसरीतून शाळा सोडली, पण ही गोष्ट मला पक्की येते.

फार वर्षं झाली. आपल्या काळशिळे गावात शाळेची खोली एक, वर्ग चार आणि शिकवायला एकट्या भिवराबाई. पाटलाच्या आणि बड्या घरच्या पोरांनी पुढं बाकावर बसायचं. बाकीच्यांनी मागं, चपलांजवळ. तिथून फळा दिसायचा नाही. मग पोरगं अडाणी राहिलं की गाव म्हणायचं, त्याला डोकंच नाही.

बाईंनी पहिल्याच दिवशी बाक उचलून अंगणात टाकला. कोंबड्या बसल्या त्यावर. मग खोली वाटून दिली. खिडकीशी वाचणारे, खांबाशी करवंटीत चिंचोके घेऊन मोजणारे, दाराशी उजेडात पाटीवर लिहिणारे. जे येत नाही त्या जागी जाऊन बसायचं, घर कुठलंही असो. ज्याला आलं त्यानं शेजारच्याला शिकवायचं. आणि खुंटीवर एक लाकडी चिमणी. बाहेर जायचं तर ती घेऊन जायचं, आलं की परत टांगायची. चिमणी जागेवर नसली तर दुसऱ्यानं थांबायचं. चार वर्ग एकटी बाई अशी चालवायची, की शेजारच्या देवळातल्या गुरवाला वाटायचं आज सुट्टी आहे. असं म्हणतात.

पाटलाच्या पोराला मोजता येत नव्हतं. बाईंनी त्याला खांबाशी बसवला, म्हशीवाल्याच्या सोनीपाशी. पाटील तणतणत आला.

‘माझं पोरगं म्हशी राखणारीकडून शिकणार?’

‘तिला येतंय, त्याला येत नाही,’ बाई म्हणाल्या. ‘तुम्ही शिकवता का? या, बसा.’

पाटलानं शाळेला कुलूप घातलं. म्हणाला, ‘बाक पुढं लागेल तेव्हाच दार उघडेल.’ आईबाप घाबरले. बाई नाही घाबरल्या. त्यांनी चिमणी पदरात घेतली, पोरं घेतली आणि ओढ्याकाठच्या काळ्या कातळावर गेल्या. चुन्यानं मोठा गोल काढला. आता गोलात पुढं कोण आणि मागं कोण, काढा शोधून! वैशाखातला कातळ, तव्यासारखा तापलेला. पण गोलाच्या आत पाय भाजायचे नाहीत, असं म्हणतात.

पाटील गडी घेऊन आला. ‘पुसा रे!’

गड्यांनी ओल्या पोत्यांनी रेघ पुसली. ती त्यांच्या पाठीमागं उमटली. तिथं पुसली तर आणखी मागं. गडी मागं सरत गेले, रेघ त्यांच्याही मागं सरत गेली. दिवस कलला, त्यांनी मान वर केली, तर गडी आत, ओढा आत आणि छत्री धरून उभा असलेला पाटीलही आत.

बाई म्हणाल्या, ‘आलात ना? मग वर्गात उभं राहायचं नाही.’

पाटील बसला. सोनीनं करवंटी पुढं सरकवली. ‘मोजा, पाटील. चुकलात तर मी आहे.’

सकाळी कुलूप शाळेच्या पायरीवर पडलेलं होतं. कुणी काढलं, विचारू नका. कुणी सांगितलं नाही.

पुढं बाई म्हाताऱ्या झाल्या. एका सकाळी त्यांनी पोरं आपापल्या जागी बसवली, खुंटीवरची चिमणी घेतली आणि बाहेर गेल्या. परत आल्या नाहीत. पण आमच्या गावात कुणी ‘बाई गेल्या’ म्हणत नाही. चिमणी जागेवर नाही, म्हणजे बाई बाहेर आहेत. येतील. म्हणून शाळा उघडायच्या दिवशी कातळावर अजून चुन्याचा गोल निघतो, आणि आमदार आला तरी त्याला पोरांत खालीच बसावं लागतं. शाळा नवी बांधली तेव्हा जुन्या भिंतीतली खुंटी काढून नव्या भिंतीत ठोकली. ती रिकामी ठेवतात. तिच्यावर काही टांगायचं नाही.

काही नाही म्हणजे काही नाही. गेल्या पंधरा ऑगस्टला एकानं तिच्यावर स्वतःच्या हसऱ्या तोंडाचं कॅलेंडर टांगलं. मी ते उतरवलं. तर चारचौघांत मला म्हणाला, ‘म्हाताऱ्या, मागं जा, चपलांजवळ बस.’ मी गेलो नाही. खुंटीखालीच बसलो, झेंडा उतरेपर्यंत. माझी माफी त्यानं अजून मागितलेली नाही. नाव ऐकून ठेवा, घरी जाऊन मोठ्यानं सांगा: सरपंच विश्राम दौलतराव कोंढाळकर.